पथ्य सुटलं

गौरी, यवतमाळहून ताईचा आशीर्वाद घे. आमी दोघं बरे आहो. म्हणजे मी बरी आहो.

तुह्या भाऊजीचं किडनीचं पथ्य सुटलं. चार महिने ह्यांले आळणी भात अन् उकडलेला दोडका चारला. हिरव्या सांबाराची एक काडीबी वरून टाकू देली नाई. म्हणत, "बायको हायेस का जेलर?" मी म्हणे, "गुमान गिळा."

काल डॉक्टरनं मले एकटीले बाहेर बोलावलं. म्हणे, "बाई, आता मागतील ते खाऊ घाला." कायले, ते मी विचारलं नाई. समजलं. ह्यांले सांगतलं, रिपोर्ट चांगला आला.

मग जिऱ्या-लसणाची फोडणी घातली. सारी खोली खमंग झाली. पण दोन घासात ह्यांनी ताट सरकवलं. म्हणे, गौरीच्या हातचा काळा मसाला असता तर जेवलो असतो.

उगाच मारली मी ह्यांची जीभ चार महिने.

माह्या सासूबाई तुह्याकडं लेकाचं विचारायले आल्या तर पथ्य सुटलं, इतकंच सांग. साखर वाटतीन, वाटू दे. तुह्या पोरीचा ताप उतरला का?

मसाला पत्र भेटल्या दिवशीच मुकुटबनहून येनाऱ्या गाडीनं पाठव. डबा भरू नको. मूठभर लय होते.

तुही ताई,
वत्सला