वेंडेलचा अर्ज

प्रिय वेंडेलदादा,

आज टोलेडोत मुलाखत झाली. पंचविशीतली मुलगी हसून म्हणाली, “काका, इथे सगळी तरुण पोरं आहेत. जमेल का तुम्हाला?” वयावरून नाकारलं जाणं काय असतं, ते अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं मला.

नऊ वर्षांपूर्वी तुझा अर्ज आमच्या कारखान्यात आला, तेव्हा भरतीचं काम माझ्याकडे होतं. साहेब म्हणाले होते, “पन्नाशीच्या वरचे नकोत.” तुझा अर्ज मीच बाजूला टाकला आणि तुला सांगितलं, जागा भरली. मग तू, इतका कसबी माणूस, गोदामात रखवालदार झालास.

एवढं लिहिलं आणि तुझाच फोन आला. “अरे, आमच्या गोदामात तुझ्यासाठी शब्द टाकलाय. सोमवारी ये.”

मी ‘येतो’ म्हणालो. हे पत्र पाठवायची हिंमत तिथेच संपली.

तुझा धाकटा,
लायल