एक बोट जास्तीचं

रविवार, २ नोव्हेंबर. सकाळी ७.१०

ही वही आजपासून. कुणी वाचायची नाही. बायकोच्या, म्हणजे हंसाच्या, हाती लागलीच तर त्यातलं अर्धं तिला आधीच माहीत असेल आणि उरलेलं अर्धं पटणार नाही.

मुख्य बातमी: आमच्या अश्लेषाला टिफनी मिस आता अंगठ्यांवर उभं करणार. सात वर्षं ती वसईला बॅले शिकते आहे. निर्मळच्या केळीच्या वाडीतून बॅलेला जाणारी आमच्या कुळातली ती पहिलीच. नातेवाईक विचारतात तेव्हा मी 'पाश्चात्त्य नृत्यप्रकार आहे' असं सांगून विषय केळीच्या भावावर नेतो. २१ डिसेंबरला क्लासचा कार्यक्रम. सोळा मुलींतल्या तिघीच टोकावर नाचणार आणि त्यात आमची. पोरगी चौदा वर्षांची असूनही कालपासून सहा वर्षांच्या मुलीसारखी घरभर भिरभिरते आहे. दोन कप फुटले.

यासाठी 'पॉइंट शूज' लागतात. वरून गुलाबी साटिन, पुढे बोटांभोवती कागद, कापड आणि खळ यांची कडक टोपी, तळाला ताठ पट्टी. मी लगेच 'पदाग्रपादुका' असा शब्द घडवला. हंसा म्हणाली, दुकानात जाऊन हाच शब्द म्हणा, बघू काय हातात ठेवतात.

मिसचा निरोप असा, की पहिला जोड मुंबईच्या दुकानातूनच घ्यायचा, मुलीला बरोबर नेऊनच घ्यायचा, आणि येत्या रविवारी त्या स्वतः तिथे हजर राहणार. शिक्षकी अतिसावधपणा! मी चोवीस वर्षं साप्ताहिकाचा वसई-विरार प्रतिनिधी आहे. पाण्याच्या टँकरपासून सोपाऱ्याच्या स्तूपापर्यंत सगळ्यावर लिहिलं आहे. त्याआधी संस्कृतात एम.ए. माणसाला एक बूट निवडता येणार नाही?

संकल्प: हा विषय मी स्वतः हाताळणार.

सोमवार, ३ नोव्हेंबर. दुपारी ३

संशोधन. धक्कादायक माहिती हाती. हे बूट बारा ते वीस तास टिकतात. दिवस नव्हे, तास! नाचता नाचता पुढची टोपी घामाने मऊ पडते, तळाची पट्टी लुळी होते आणि बूट 'मेला' म्हणतात. इतका अल्पायुषी पदार्थ आमच्या घरात आजवर फक्त हंसाची साबुदाण्याची खिचडी.

माझ्या पायातली चप्पल अकरा वर्षांची आहे. टाचेला दोनदा रबर लावलं, बस्स.

निष्कर्ष: लोक मऊ बूट घेतात म्हणून ते मरतात. आपण सगळ्यांत कडक घेऊ.

बुधवार, ५ नोव्हेंबर. सकाळी ८

माप घेतलं. दारापुढच्या ओट्यावर साप्ताहिकाचा जुना अंक पसरला, त्यावर अश्लेषाला उभं केलं आणि पेन्सिलीने पायाभोवती रेघ काढली. गुदगुल्या होऊन ती हसत सुटली, त्यामुळे डाव्या पायाला एक बोट जास्तीचं आलं. खोडलं.

ती म्हणाली, बाबा, असं नाही चालत, मिस म्हणतात टोकावर उभं राहूनच बघावं लागतं. मी म्हटलं, पाय तोच आहे ना? उभा काय, आडवा काय. मग नेहमीप्रमाणे अंगठ्याच्या पुढे माझं एक बोट आडवं ठेवून तिथपर्यंतचं माप धरलं. आमच्याकडे गणवेश, सायकल, रेनकोट, सगळं वाढत्या अंगाचंच घेतात. नानांनी माझं असंच घेतलं, मी हिचं असंच घेतो. माझी ही चप्पलसुद्धा तशीच घेतलेली आहे. यावर हंसा आतून ओरडली, अहो, चाळिसाव्या वर्षी तुम्ही कुठे वाढणार होतात?

अश्लेषा म्हणाली, मिस म्हणतात याच्यात केसाइतकीसुद्धा जागा सोडायची नाही. मी म्हटलं, मिसना मुलगी असती तर त्यांना समजलं असतं.

(दुरुस्ती: मिसना दोन मुली आहेत. मुद्दा तरीही कायम.)

शनिवार, ८ नोव्हेंबर. सायं. ५.४०

उद्याचं मुंबईला जाणं रद्द. पुढच्या शनिवारी एकादशी, आमच्या निर्मळची यात्रा सुरू होते, आणि यात्रा विशेषांक माझ्याकडे आहे. कर्तव्य म्हणजे कर्तव्य. (विशेषांकाचा मजकूर गेल्या वर्षीचाच आहे. तारखा बदलायच्या आहेत.)

मिसना फोनवर कळवलं की आमची व्यवस्था झाली. त्या म्हणाल्या, कसली व्यवस्था, सर? मी 'व्यवस्था' हाच शब्द पुन्हा जरा जोरात उच्चारला.

बूट ऑनलाइन मागवले. पट्टी सगळ्यांत कडक. माप दीड नंबर पुढचं. मागवताना एक प्रसन्न शांतता वाटली.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. दुपारी १.३०

आले! काय रूप! दारावर टकटक केली तर लाकूड वाजावं तसे वाजतात. मी तीनदा वाजवून पाहिले.

फिती मात्र वेगळ्या पुडीत. त्या आपणच शिवायच्या असतात म्हणे. हंसा म्हणाली, म्हणजे ब्लाउज शिवायला टाकला आणि हुक घरी लावा म्हणाले, तसंच की. पण बसली शिवायला. सुई दोनदा मोडली. कडकपणाचा हा पहिला पुरावा.

अश्लेषाने घातले. टाचेशी थोडं साटिन गोळा होतं. मी पुढे कापूस भरला. तरी जागा राहिली, म्हणून साप्ताहिकाची दोन पानं मऊ चुरगाळून कोंबली. ती दाराची चौकट धरून वर उठली, क्षणभर टोकावर राहिली, खाली आली. मी विचारलं, कसं वाटतं? ती माझ्याकडे बघून म्हणाली, छान आहेत, बाबा.

बसले. नऊ दिवसांत, घरबसल्या, दुकानाचं तोंड न बघता.

रविवार, १६ नोव्हेंबर. सकाळी ११

पुढचा टप्पा: टिकाऊपणा. बूट पिशवीत घालून नालासोपाऱ्याला शंकरकडे गेलो. स्टेशनाबाहेर बसतो. माझ्या चपलेला दोन्ही वेळा रबर त्यानेच लावलं. म्हटलं, याच्या टोकाला पातळ रबर चिकटव. त्याने बूट हातात घेतला, उलटा केला, आत हात घातला आणि माझ्या साप्ताहिकाचं पान बाहेर काढलं. 'केळी उत्पादकांच्या व्यथा', रामनाथ यांजकडून. म्हणजे माझाच लेख.

म्हणाला, साहेब, हे घालून रस्त्यावर चालायचं नाही ना? मग टिकवायचं कशाला? आणि पोरगी कुठेय? मी म्हटलं, पोरीचं काय काम? तो म्हणाला, पाय बघितल्याशिवाय मी साधी स्लिपर देत नाही, साहेब. तुम्ही तर न बघताच एवढं भारी आणलंत.

रबर लावायला नकार. व्यवसायातलं नवं काही शिकायची या लोकांची तयारी नसते. पान परत कोंबून घरी आलो.

गुरुवार, २० नोव्हेंबर. सकाळी ६.५०

सराव जोरात. अश्लेषा आठवड्यातून चार दिवस जाते. हल्ली घरात सारखे पायमोजे घालून असते. थंडी यंदा लवकर पडली.

क्लासहून येताना बस स्टॉपपासून चालत येत नाही, रिक्षा करते. वेळेची किंमत कळायला लागली, हे चांगलं लक्षण.

जखमेच्या पट्ट्यांचं नवं पाकीट संपलेलं दिसलं. हंसा विळीवर नीट लक्ष देत नाही बहुतेक. तिला तसं सांगितलं. 

मंगळवार, २५ नोव्हेंबर. दुपारी ४

यात्रा विशेषांकात एका ठिकाणी गेल्या वर्षीची तारीख तशीच राहिली होती. वाचकांची तीन पत्रं आली, म्हणजे अंक वाचला जातो.

टिफनी मिसचा फोन. कार्यक्रमाची तालीम सुरू आहे, एकदा येऊन जा म्हणाल्या. मी कामाचा व्याप सांगितला. मग त्या म्हणाल्या, सर, तुमची मुलगी फार सोशिक आहे हो. मी आभार मानले. असे गुण घरातूनच येतात.

संध्याकाळी हे अश्लेषाला सांगितलं. ती पायमोजे वर ओढत म्हणाली, हो का.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

हंसा म्हणाली, एकदा तिचे पाय बघा. मी म्हटलं, माप घेतलं तेव्हा पाहिले की. ती म्हणाली, तेव्हा तुम्ही कागद पाहिलात.

उद्या बघतो. उद्या महापालिकेच्या... परवा बघतो.

सोमवार, १ डिसेंबर. सायं. ६

गेलो. या वेळी टिफनी मिसनी बोलावलं नव्हतं, त्यांनी यायचं म्हणून कळवलं होतं. दोन्हींत फरक असतो हे आज समजलं.

हॉलमध्ये मुली टोकावर फिरत होत्या. दोघीच. अश्लेषा खुर्चीवर बसलेली, पाय दुसऱ्या खुर्चीवर. पायात मोजे नव्हते.

दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी. उजवं हललेलं. बोटांच्या गाठींवरची साल गेलेली, तिथे पट्ट्या. विळीचा संबंध नव्हता.

मिसनी बूट पालथा करून झटकला. कापूस पडला, केळी उत्पादकांच्या व्यथा पडल्या. त्या वसईच्या आहेत, शांत बोलतात. म्हणाल्या, सर, शूज चांगलाय. एकदम महागातला चांगला. फक्त हिचा नाहीये. टोकावर उभं राहिलं की पाय आत घसरतो, सगळं वजन नखावर. आणि पट्टी एवढी हार्ड की पायाला ती वाकवताच येत नाही. हे घालून ही अडीच आठवडे नाचली. मला आधीच हे काढून घ्यायला पाहिजे होते, ही रोज म्हणायची, ठीक आहे मिस, सवय होईल.

मी अश्लेषाला विचारलं, सांगितलं का नाहीस?

ती म्हणाली, तुम्ही ओट्यावर एवढं गुडघ्यावर बसून रेघ काढलीत ना, बाबा.

मी वाकून केळी उत्पादकांच्या व्यथा गोळा केल्या. 

नख बरं होईपर्यंत टोकावर चढायचं नाही, असं मिसनी सांगितलं. मी विचारलं, एकवीस तारीख? त्या म्हणाल्या, बघू या. मी हा शब्द चोवीस वर्षं सरकारी कचेऱ्यांत ऐकला आहे. त्याचा अर्थ मला माहीत आहे.

शनिवार, ६ डिसेंबर. सायं. ७.३०

मुंबईच्या दुकानात जाऊन आलो. मिस बरोबर होत्या. संकल्प केला होता की एक अक्षर बोलायचं नाही. पाळला, दुकानात शिरेपर्यंत.

बूट बसवणारे मितेशभाई म्हणून गृहस्थ. त्यांनी तासभर अश्लेषाला बूट दिलाच नाही. अनवाणी उभं केलं, चालवलं, बोटं एकेक चाचपली, दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे का पाहिलं. नखांना हात न लावता नुसतं वाकून बघितलं आणि तिला हळूच काहीतरी विचारलं. ती हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

मग त्यांनी अकरा जोड काढले. जोड घालायचा, वर उठायचं, आणि ते टाचेशी साटिन चिमटीत धरून बघायचे. पुष्कळ चिमटीत आलं, काढा. काहीच आलं नाही, काढा. नख सांभाळत एकेका क्षणापुरतंच. नवव्या जोडाला मी म्हणालो, हा छान दिसतो, फक्त थोडं वाढत्या अंगाचं...

मितेशभाई माझ्याकडे वळले. रागावले नाहीत. टिफनी मिसना म्हणाले, मॅडम, चिठ्ठी द्या जरा. मिस दर जूनला प्रत्येक मुलीचं माप वहीत लिहितात, त्यावरून केलेली चिठ्ठी. ती त्यांनी माझ्या हातात ठेवली. गेल्या वर्षीचा जून. या वर्षीचा जून. आकडा तोच. खाली आजचं माप त्यांनी स्वतः लिहिलं. तेही तेच.

म्हणाले, अंकल, हिचा पाय वाढायचा होता तेवढा वाढला. आता हाच.

मी म्हटलं, पण ती चौदाच वर्षांची आहे.

ते म्हणाले, हो ना. मुलींचं लवकर होतं. घरच्यांना कळत नाही.

दहावा जोड बसला. आत एक झिरझिरीत अस्तर, बाकी काही नाही. जागाच नव्हती. ती वर उठली आणि उठलेलीच राहिली. एवढी उंच कधी झाली ते मी पाहिलं नव्हतं. पाच सेकंद. मग मिस म्हणाल्या, बस, उतर, नख.

रविवार, १४ डिसेंबर

नख गेलं.

रविवार, २१ डिसेंबर. रात्री ९

कार्यक्रम झाला. टोकावर दोघी नाचल्या. अश्लेषा मऊ सपाट बुटांत, मागच्या रांगेत, डावीकडून तिसरी. चांगली नाचली असावी. मला समोरच्या दोघींचे पायच दिसत होते.

नवा जोड तिने पिशवीत घालून आणला होता. फिती शिवलेल्या. मी विचारलं, कशाला आणलास, आज तर घालायचा नव्हता. म्हणाली, असू दे, बरोबर. मिस म्हणतात फेब्रुवारीत सुरू करू, मोठ्या कार्यक्रमाला पुढचा डिसेंबर. मी म्हटलं, तोपर्यंत हा जोड जपून... आणि थांबलो. तो वीस तासांचा आहे.

परतताना हंसा म्हणाली, तुम्ही आणलेले ते कडक बूट मी कपाटात ठेवलेत. कुणाला द्यायचे? मी विचार केला. हे बूट कुणाच्या पायाचे आहेत, ते मला माहीत नाही.

घरी आल्यावर अश्लेषा सँडल काढून आत गेली. जूनमध्ये मीच आणून दिलेले, शाळेचं वर्ष सुरू होताना. ओट्यावर कुणी नव्हतं. मी खाली बसलो आणि सँडलमध्ये पुढे, जिथे तिच्या अंगठ्याचा काळपट ठसा संपतो तिथे, एक बोट ठेवलं.

बोटभर जागा आहे. जूनमध्ये होती तेवढीच.

मग माझ्या चपलेत ठेवून पाहिलं. तिथेही आहे.

संकल्प: