आईचा फोन आणि ती बाई

डिचोली, मंगळवार संध्याकाळ

कोरगावच्या काजूबागेवरून दादा माझ्याविरुद्ध कोर्टात गेल्यापासून आईचा फोन त्याच्याच ताब्यात. फोन लागला की आधी एका बाईच्या आवाजात आकाशवाणी: हा कॉल रेकॉर्ड होत आहे. "बाबू, ती बाई कोण रे तुझ्या घरात?" आई रोज विचारते. काय सांगू? दादाची साक्षीदार?

हे रेकॉर्डिंग लावताना परवानगी दादाने कोणाची घेतली? आईला तर यातलं काही कळतही नाही. वकील म्हणतात, असलं रेकॉर्डिंगही कोर्टात चालू शकतं. आईशीही जपून बोला.

आज ती बाई बोलून गेली आणि आईने विचारलं, "बाबू, माझ्यार रागावलंस काय रे?"

जन्मभर शब्दांवर जेवलेला मी वार्ताहर म्हणालो, "यावर आत्ता बोलता येणार नाही."

"बरें."

तिला फोन बंद करता येत नाही. बराच वेळ तिचा श्वास ऐकू येत होता, आणि मला 'नाही गं' एवढंही बोलवेना.