चॅलेंजरच्या बदल्यात

प्रिय डोरीन,

चार घरं सोडून राहणाऱ्या मुलीला पोस्टाने पत्र पाठवतोय. हसायचं तर हस, मी बघायला नाहीये. दारात आलो असतो, पण तुझा थोरला भाऊ म्हणतो, टॅड दिसला की त्याच्या कानाखाली वाजवणार. त्याचं चुकत नाही. मी मात्र उलटा हात उगारल्याशिवाय राहणार नाही, आणि पुन्हा तेच होईल.

चॅलेंजर गेली हे तुला कळलंच आहे. कशी गेली ते कळलेलं नाही, कारण मी कुणाला सांगितलंच नाही. तुझ्यासाठी ती म्हणजे शुक्रवारची गाडी. जांभळी, चकचकीत, खिडकीच्या काचा थरथरवत येणारी. त्या गाडीत आपण काय काय बोललो ते लिहीत नाही, पत्र तुझी आई आधी उघडेल. पण कॉलेज सोडून घरी आल्यावर आठवड्याचे बाकीचे दिवसही ती आमची एकुलती एक गाडी होती. तिच्यातून बटाटे आणायचे, आईला चर्चला न्यायचं. हिवाळ्यात डिकीत वाळूच्या पिशव्या टाकायच्या, नाहीतर बर्फात मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरत. आई म्हणायची, "माझ्या कोटाला पेट्रोलचा एवढा वास येतो की मी गेले की फादर खिडकी उघडतात." मी हसायचो. मला वाटायचं, अशी गाडी ज्याच्याकडे आहे त्याला बाकी काही नसलं तरी चालतं. पदवी नसली तरी.

कॉलेज बाबांसाठी सोडलं असं मी सगळ्यांना सांगतो. बाबांना अर्धांगाचा झटका त्यानंतर दोन महिन्यांनी आला. तुला हे माहीत आहे आणि तू एकदाही बोलून दाखवलं नाहीस. त्याचाच मला जास्त राग यायचा.

बाबांचं उजवं अंग गेल्यावर दर मंगळवारी त्यांना व्यायामाला हॉस्पिटलात न्यायचं काम माझ्याकडे आलं. चॅलेंजरला दोनच दारं, आणि बसायची जागा जमिनीला टेकलेली. मी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना आत सोडायचो, तशी ढिली पँट खाली घसरायची. एकदा हॉस्पिटलच्या दारातच त्यांचा पाय गाडीच्या दाराखालच्या उंबऱ्यासारख्या पट्टीत अडकला. मागे गाड्यांची रांग, कुणीतरी हॉर्न वाजवतंय. मी त्या माणसाच्या अंगावर धावून गेलो, आणि बाबा तसेच अर्धे आत, अर्धे बाहेर. परत आलो तर ते दारावर डावा हात ठेवून म्हणाले, "गाड्यांच्या कारखान्यात असली हजारो दारं बसवली मी. असं एकानेही अडवलं नव्हतं रे मला." हसून म्हणाले. मला तिथल्या तिथे मरावंसं वाटलं.

पलीकडच्या लिव्होनिया गावातल्या एका बाईकडे चाकांची खुर्ची चढवायचा उतार बसवलेली व्हॅन होती, नवरा गेल्यापासून नुसती उभी. तिला पैसे नको होते, चॅलेंजरशी अदलाबदल हवी होती. मला वाटलं मुलासाठी घेत असेल. ती म्हणाली, "मुलगा कसला? आमच्या ह्यांना आयुष्यभर अशी गाडी हवी होती, मी घेऊ दिली नाही. आता मीच चालवीन." आणि गेली चालवत. मी रस्त्यावर उभा राहून आवाज संपेपर्यंत ऐकत होतो.

अडचण एकच, व्हॅन जपानी, म्हणजे बाबांच्या कारखान्याच्या पोटावर पाय देणारी. आमच्या घरी जपानी रेडिओ आला तेव्हा बाबा आठवडाभर जेवताना बोलले नव्हते. मी तोंड लपवत त्यांना खाली नेलं. त्यांनी दाराच्या फटीवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि म्हणाले, "सरळ आहे. आमच्यापेक्षा सरळ." मग म्हणाले, "युनियनमध्ये कुणाला सांगू नकोस."

आणि तीनच दिवसांनी कारखान्याच्या युनियनची सहल. मैदानाच्या फाटकावर तो फलक आहेच, विदेशी गाड्या बाहेर. फाटक सांभाळणारे स्टॅन काका व्हॅनकडे बघत म्हणाले, "काय रे टॅड, हा नियम तुझ्या बापानेच केलाय, आता त्यालाच बाहेर ठेवू?" बाबा मागून ओरडले, "स्टॅन, फलकावरचं अक्षरही माझंच आहे, गप आत घे." सगळे हसले, फाटक उघडलं. मी आत गेलो असतो तर एवढ्यावरच संपलं असतं. पण सॉसेज भाजत होते तिथे तू उभी होतीस, तुझे भाऊ होते, आणि तू वळून बघत होतीस. मी गाडी मागे घेतली. बाबा विचारत राहिले, "अरे, उघडलंय ना त्याने?" तीन गल्ल्या पलीकडे, बेकरीमागे व्हॅन लपवली आणि भर उन्हात खुर्ची ढकलत निघालो. रस्त्यावरचं डांबर वितळलं होतं. बाबांची टोपी व्हॅनमध्येच राहिली.

पुढचं तुला पाठ असेल. तू पाणी घेऊन धावत आलीस, बाबांचं कपाळ पुसलंस, आणि एवढंच म्हणालीस, "गाडी आत आणायची होतीस की." आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, तू माझ्यामागे नाही, चॅलेंजरमागे होतीस, जा आता लिव्होनियाला. आणि निघून गेलो. किल्ली माझ्या खिशात. बाबा तुझ्या हातात. तू त्यांना घरापर्यंत ढकलत आणलंस हे मला आईने सांगितलं. वाटेत तू माझ्याबद्दल एक शब्द बोलली नाहीस, हे बाबांनी सांगितलं.

हे पत्र माफीचं आहे असं तुला वाटेल. माफी मागायची आहेच, पण ती कागदावर मागून पळता येणार नाही हे मलाही कळतं. लिहायचं कारण दुसरं आहे. सोमवारपासून मी टायरच्या दुकानात लागतोय आणि मालक मंगळवारी सोडणार नाही. आई गाडी चालवत नाही. मी बाबांना दहा नावं सांगितली, स्टॅन काकांचंसुद्धा. ते म्हणाले, "डोरीनला विचार." मी म्हणालो, तिच्याशिवाय कुणीही सांगा. ते म्हणाले, "मला तिच्यासमोर सोडून गेलास, आता तिलाच विचार, आणि तूच विचार." दोन दिवस मी दारं आपटली. तिसऱ्या दिवशी लिहायला बसलो. तर विचारतो. मंगळवारी सकाळी दहाला बाबांना त्या व्हॅनमधून नेशील का? जमणार नसेल तर आईला सांग. मला सांगू नकोस, मी भांडेन.

अजून तुझाच, तू म्हणशील तोवर,
टॅड