उरलेल्या एका अंगणातले कस्तूर

प्रिय व्लादान,

आपण गेल्यावर हे कस्तूर पक्षी कुठं जातील, असं बाबा मला रोज विचारतात. घरात जीवशास्त्र शिकलेली मी एकटी, म्हणून मलाच विचारतात.

तू परदेशातून, लिंत्सहून फोन करतोस तेव्हा ते खिडकीशीच बसलेले असतात. आलुबुखाराच्या झाडाखाली त्यांनी फळी मांडली आहे, तिच्यावर सफरचंदं अर्धी कापून ठेवतात. काळे नर पिवळ्या चोची पुढे करून एकमेकांवर धावून जातात, तेवढ्यात एखादी तपकिरी मादी येऊन गर खाऊन जाते. बाबा खूश होतात. "बघ, पुढारी भांडत बसले आणि बाई जेवून गेली!" यंदा पक्षी इतके येतात की फळी पुरत नाही. "जागा मरायला टेकली असती तर आले असते का गं? सांग तुझ्या खाणवाल्यांना." मी मान डोलावते. पलीकडच्या सगळ्या बागा कोळशाच्या खाणीने तोडल्या, व्लादान. राद्मिलाकाकूंचं घर गेलं, अक्रोड गेले. पक्ष्यांना दुसरं झाडच उरलं नाही, म्हणून ते आपल्याकडे येतात. हे बाबांना सांगायला माझी जीभ रेटत नाही.

शिकून परत आले तेव्हा वाटलं होतं, नीट समजावून सांगितलं की माणसं ऐकतात. दारोदार हिंडून खाणीविरुद्ध सह्या गोळा केल्या, राजधानीत जाऊन बोलले. शेवटच्या सभेला मी आणि पाद्री, दोघंच. राद्मिलाकाकू ट्रकमध्ये चढताना म्हणाल्या, "दुन्या, तू हुशार आहेस गं, पण कोळसा तुझ्याआधीपासून इथं आहे." मलाही हसू आलं, आणि मग दिवसभर काही करवेना.

उन्हाळ्याच्या आत घर रिकामं करायचं आहे. बाबांचं एकच पालुपद: "तुझी आई टेकडीवर आहे. तिला एकटी टाकून मी फ्लॅटमध्ये टीव्ही बघत बसू?" टेकडीवरची दफनभूमीही खाणीच्या हद्दीत आली आहे. घरच्यांनी कबर हलवायला संमती दिली नाही, तर खाणीचे मजूरच कबर उकरणार. बाबा संमती देईनात, आणि तुला रजा मिळेना.

ईस्टरला तू बसमधून उतरून थेट आईकडे जातोस, म्हणून हे लिहिते आहे. यंदा टेकडी चढू नकोस. संमतीवर मी सही केली. शनिवारी पाद्रींना घेऊन टेकडीवर गेले, कबर उघडली. रीतीप्रमाणे हाडं वाइनने धुवायची ती मुलानं, असं ते पुटपुटले. मग बाटली माझ्याच हातात दिली. बाबांना संध्याकाळी सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "केस होते का गं तिचे?" होते म्हटलं. मी आईला धुतलं, पांढऱ्या कापडात गुंडाळलं, आणि शहराबाहेरच्या नव्या दफनभूमीत पुरून आले.

तुझी बहीण,
दुन्या