वर पोचवा

ता. ३ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन महिना होत आला. तुझे पाय अजून त्याच गावात आहेत की पुन्हा कुठे उडालास, ते माहीत नाही, म्हणून जुन्याच पत्त्यावर लिहितेय.

बातमी अशी, की तू गेल्यापासून रिकामी असलेली भाडेकरू प्रतिनिधीची जागा माझ्या गळ्यात पडली. सभा नेहमीसारखी जिन्यावरच झाली, जो तो आपापल्या मजल्याच्या पायरीवर. खालून माझं नाव निघालं. मग ‘वर पोचवा, वर पोचवा’ करत ते सातव्या मजल्यापर्यंत गेलं आणि होकार खाली यायच्या आत माझं दूध उतू गेलं. तळमजल्यावरचे ड्रायव्हरभाऊ म्हणाले, शकुन चांगला आहे.

पण पहिलंच काम नाकी नऊ आणणारं निघालं. लिफ्ट पाच महिने बंद आहे, हे तुला ठाऊक आहेच. आम्ही समजत होतो की दुरुस्तीला वेळ लागतोय. वसाहत कचेरीत गेले, तर कारकून म्हणाला, दुरुस्ती कसली, ती कायमची बंद केली आहे. रहिवाशांची हरकत नाही, असं तुमच्याच प्रतिनिधीने सहीनिशी दिलंय. सही कोणाची, विचारलं, तर फाईल वरच्या कचेरीत गेली आहे, अर्ज करा, प्रत मिळेल.

तेव्हा प्रतिनिधी दोघेच होते, तू आणि पहिल्या मजल्यावरचे शिंपीकाका. जिन्यावर तुझं नाव निघालं तशी मी उभी राहिले आणि सांगितलं, माझा भाऊ उनाड असेल, एका जागी बूड टेकवत नसेल, पण वाचल्याशिवाय सही करणारा नाही. तेही सातव्यापर्यंत पोचवलं सगळ्यांनी. तुला काही आठवत असेल तर लगेच कळव.

नर्सबाई सातव्यावर अडकून पडल्या आहेत. खुब्याचं हाड मोडलं तेव्हा चौघांनी खुर्चीत बसवून उतरवलं आणि तसंच वर नेलं. आता म्हणतात, पुन्हा गाठोड्यासारखी उतरणार नाही.

जेवणाची आबाळ करू नकोस.
तुझी,
ताई

---

ता. १४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पाय अजून इथेच आहेत, कारण काम जहाजाच्या पोटात आहे आणि तिथून उडायला जागा नाही. टाकीत उतरायचं, गंज खरवडायचा, वर येऊन लाल थुंकायचं. खोलीत सहा जण आहोत. माझा पलंग वरचा, उठून बसलो की डोकं छताला लागतं. म्हणजे तू म्हणायचीस ना, याला कोणीतरी टपली मारणारं पाहिजे, ती सोय इथे झाली.

तू प्रतिनिधी झालीस हे वाचून खोलीत सगळ्यांना सांगितलं. कचेरीतल्या त्या कारकुनाची आता खैर नाही. लहानपणी माझ्याकडून पाढे काढून घ्यायचीस, तसंच त्याच्याकडून फाईल काढ.

लिफ्टच्या कागदाचं मला काही आठवत नाही. माझं काम ओरडण्याचं होतं, कागदपत्रं शिंपीकाकाच बघायचे. त्यांना विचारून बघ.

नर्सबाईंना माझा नमस्कार सांग. घाईत आहे, भोंगा होईल आता.

लोभ आहेच, पत्ता बदलला तरी तो बदलू नये.
तुझा,
भिंगरी

---

ता. २७ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी जिन्यावर वाचून दाखवलं. वाचायला नको होतं, असं आता वाटतं. कागदपत्रं शिंपीकाका बघायचे, हे वाक्य दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत ‘कागदावर सही शिंपीकाकांची’ असं झालं, आणि चौथ्यावर पोचेपर्यंत त्यांनी लिफ्ट विकलीच होती. पहिल्या मजल्यावर राहणाऱ्याला लिफ्ट कशाला हवी, असंही कोणी म्हणालं.

मी त्यांना सरळ विचारलं. ते मशीनवर बसले होते. पाय थांबवला नाही. एवढंच म्हणाले, फाईल येईल तेव्हा दिसेल. मी म्हटलं, काका, नाही म्हणा ना एकदा, म्हणजे मी वर पोचवते. तर चष्मा पुसत बसले.

आता त्यांच्याकडे कोणी कपडे टाकत नाही. पाचव्या मजल्यावरच्या बाईंनी शिवायला दिलेलं कापड न शिवता परत नेलं, तेही जिन्यातून सगळ्यांना दिसेल असं. सभेला काका दार लोटून आत बसतात, त्यामुळे पहिल्या मजल्याचं पोचवायचं काम तळमजल्यालाच ओरडून करावं लागतं.

भिंगरी, चाळीस वर्षं हा माणूस आपल्या शाळेचे गणवेश लांब-आखूड करत आला. माझं मन मानत नाही. पण तू लिहिलंस म्हणजे तसंच असणार. नीट आठवून पुन्हा लिही.

तुझी,
ताई

---

ता. ९ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र चौथ्यांदा लिहितोय. आधीची तीन फाडली. त्यातल्या दोनांत मी पुन्हा खोटंच लिहिलं होतं.

सही माझी आहे.

कचेरीचा इंजिनीअर आला तेव्हा मी शिंपीकाकांच्या दारात उभा होतो. दोन-चार जण कपडे घ्यायला आले होते. इंजिनीअर म्हणाला, लिफ्ट बघून गेलो, त्यावर प्रतिनिधीची सही हवी, एकाची चालेल, वाचून करा. काकांनी हात पुढे केला, म्हणाले, आण इकडे, जरा बघू दे. ते चष्मा शोधत होते. मी सगळ्यांसमोर म्हणालो, राहू द्या काका, माझे डोळे अजून शाबूत आहेत. लोक हसले. मला बरं वाटलं.

ताई, तुझं पत्र मी वाचतो, कारण ते तुझ्यासारखंच बोलतं. पण कचेरीचा कागद माझ्याशी बोलत नाही. एकेका ओळीत दोन शब्द कळायचे, बाकी नुसतं मुंग्यांचं वारूळ. चौथीत शाळा सोडलेली सगळ्यांना माहीत होती, पण प्रतिनिधी झाल्यापासून मला वाटायचं, ते लोक विसरलेत. त्यांना आठवण करून द्यायची नव्हती. म्हणून मी नजर वरून खाली नेली, ओठ हलू दिले नाहीत, मधे एकदा मान डोलावली. कागद उलटून मागची बाजूही सावकाश बघितली. मग तू शिकवलेली सही केली, शेपटीसकट.

महिन्याभरात लिफ्ट बंद पडली. मी कशावर सही केली, ते मला तेव्हाच कळलं. लोक विचारायला लागले आणि मला इथलं काम मिळालं. मिळालं म्हणजे मी शोधलं. घाईघाईने का जातोयस, विचारलं होतंस, आठवतं?

इथे टाकीत उतरण्याआधी रोज एका कागदावर सही करायची असते. मुकादम कागद पुढे करतो, आम्ही करत जातो. गेल्या आठवड्यात एक नवा म्हातारा वेल्डर आला. त्याने कागद हातात घेतला नाही. म्हणाला, मला वाचता येत नाही, तू मोठ्याने वाच. ‘मला भूक लागली’ म्हणावं तसं म्हणाला. मुकादम चिडला, पण वाचायला लागला, आणि आतली हवा तपासली आहे, या ओळीवर अडखळला. तपासलीच नव्हती. ती ओळ मी पाच महिने रोज सही करून खरी ठरवत होतो.

त्या दिवशी काम बंद होतं. पलंगावर पडून तुझं पत्र पुन्हा वाचलं. काका चष्मा पुसत बसले, तिथे आलो आणि पुढे वाचवेना. त्यांना सगळं माहीत आहे, ताई. त्यांच्या डोळ्यांदेखत झालं. आणि मी लिहिलं, काकांना विचारून बघ.

हे पत्र जिन्यावर वाच. तू माझी हमी घेतलीस ते वरपर्यंत पोचलं, मग हेही पोचू दे. त्यात काही गाळू नकोस, मी लहान आहे असंही म्हणू नकोस.

‘लोभ असावा’ लिहायला हात धजत नाही.
भिंगरी

---

ता. २१ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. आधी एकटीने, न्हाणीघरात. मग जिन्यावर.

माझी मान खाली गेली, हे तुला सांगायलाच हवं. तू खोटं बोललास त्यापेक्षा याची लाज जास्त वाटली, की तुझ्यासाठी छातीठोकपणे बोलायच्या आधी मी तुला विचारलंसुद्धा नव्हतं. तुला सही शिकवली आणि वाटलं, झालं शिक्षण.

एकेक वाक्य थांबून वाचलं. तुला माहीत आहे, आपल्याकडे पोचवताना ‘तो म्हणतो’ असं कोणी लावत नाही, जसं आलं तसं पुढे द्यायचं. त्यामुळे ‘सही माझी आहे’ हे आधी ड्रायव्हरभाऊंच्या तोंडून निघालं, मग तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याच्या, मग ज्यांनी कापड परत नेलं त्या पाचव्या मजल्यावरच्या बाईंच्या. त्या जरा थांबल्या, पण म्हणाल्या. सात मजले प्रत्येकाने म्हटलं, सही माझी आहे.

सगळ्यांनी माफ केलं असं समजू नकोस. ड्रायव्हरभाऊ नंतर म्हणाले, हा आला तर त्याला जिन्यात पाय ठेवू देणार नाही. सातव्यावरून नर्सबाईंचा निरोप तोंडातोंडी खाली आला, की लहानपणी इंजेक्शन दिल्यावर मी दुखलं का विचारायचे, तर हा पोरगा डोळे भरलेले असताना नाही म्हणायचा, तेव्हाच ओळखायला हवं होतं. लोक हसले. त्या हसत होत्या की नाही, ते सातव्यावरून कळत नाही.

शिंपीकाकांचं दार उघडं होतं. ऐकून घेतलं आणि मला बोलावलं. म्हणाले, कागदाच्या मागे काही नव्हतं. पोरगा कोरं पान वाचत होता, मान डोलावत. ते बघितल्यावर त्यांना पुढे बोलवेना. त्याच वेळी हात धरला असता तर बरं झालं असतं, म्हणाले, चूक माझीही आहे. पाचव्या मजल्यावरच्या बाई दुसऱ्या दिवशी कापड घेऊन आल्या. काकांनी मापं घेतली.

कागदाची प्रत आली आहे. खाली तुझी शेपटी आहेच. आता जिन्यावर नियम केला आहे, मोठ्याने वाचून सातव्यापर्यंत पोचवल्याशिवाय प्रतिनिधीने कशावरही सही करायची नाही. कचेरी म्हणते, आधीची संमती रद्द करायची तर सही करणाऱ्याने स्वतः येऊन सांगावं. सुनावणी बारा मे रोजी आहे. मी ये म्हणत नाही. काय करायचं ते तू ठरव.

तुझी,
ताई

---

ता. ३० एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काकांना सांग, पान कोरं आहे हे मलाही दिसत होतं. पण वाचणाऱ्या माणसाला एका कागदाला किती वेळ लागतो, ते मला ठाऊक नव्हतं. लवकर मान वर केली तर पकडलो जाईन, अशी भीती वाटली, म्हणून मागची बाजूही वाचली. हे आधीच्या पत्रात लिहायचं राहिलं नव्हतं, मी गाळलं होतं.

रजा मिळाली नाही, म्हणून काम सोडलं. यावेळी उडून जात नाहीये, परत येतोय. अकरा तारखेला पोचेन.

ड्रायव्हरभाऊंना म्हणावं, अडवायचं तर खालच्या पायरीवर अडवा, मी तिथे बसून राहीन. चढू दिलं, तर प्रत्येक मजल्यावर थांबेन आणि माझं वाक्य माझ्या तोंडाने सांगेन. यावेळी कोणी वर पोचवू नका. नर्सबाईंना दार उघडं ठेवायला सांग. त्यांनी दुखलं का विचारलं, तर यावेळी हो म्हणेन.

कचेरीत जो कागद पुढे करतील, तो आधी तू मला मोठ्याने वाचून दाखव, कारकुनासमोर.

लोभ वाढावा असं मागत नाही. माझ्या हातून कमी झाला असेल, तर उरलेला तरी राहू दे.

तुझा,
भिंगरी