विहिणीच्या डोक्यावरचे निखारे

गड्डीगोदाम, नागपूर
१२ जून १९७१

चि. मधुसूदनास ताईचा प्रभूच्या नावानं सलाम आणि पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पारशिवनीच्या विहिरीला अजून पाणी आहे आणि शाळेनं तुला पंखा दिला, हे वाचून बरं वाटलं. चारूचे पाय सुजतात असं लिहिलंस, तर तिला पाय लोंबकळत ठेवून बसू देऊ नकोस आणि पाणी तू भर. (हेडमास्तरानं घागर उचलू नये असं पवित्र शास्त्रात कुठंही लिहिलेलं नाही, मी पाहिलं.) इकडे सगळे खुशाल. मला मधे ऊन लागलं होतं, आता बरी आहे. तुझ्या भाऊजींची तब्येत तर इतकी सुधारली आहे की रेल्वेची पँट कमरेवर येईना. त्याचं कारण पुढं येईलच.

तू विचारलंस की आता सातवा लागला, चारूला पहिल्या बाळंतपणासाठी कुठं आणू, ताईकडे की तिच्या आईकडे? मागच्या पत्रात मी ठणकावून लिहिलं होतं की तुझ्या सासूच्या, म्हणजे त्या बायजाबाईच्या, उंबऱ्यावर पाऊल ठेवायचं नाही. आई-बाबांच्या मागे तुला मी वाढवलं, तेव्हा तुझं लेकरू पहिल्यांदा रडेल ते माझ्या घरात. तुम्ही नागपूरला येता आणि कुणाकडे उतरावं या भीतीनं त्याच दिवशी बसनं परत जाता, हे मला कळत नाही असं समजू नकोस. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी इकडे काय घडलं ते ऐक, नाहीतर म्हणशील ताईचं ऊन अजून उतरलं नाही.

बायजाबाईशी मी का बोलत नाही हे तुला ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगते, कारण सांगितलं की मला बरं वाटतं. तुझ्या लग्नात मी करवली. पहिल्या बाकावर माझी जागा. तिथं बसले कोण, तर तिचे जबलपूरचे पाहुणे, आणि मला नेऊन बसवलं खांबामागे! पाळकसाहेबांनी तुला विचारलं तेव्हा तू ‘हो’ म्हणालास की नाही, हे मी आजही ऐकीव माहितीवर धरून चालले आहे. ज्या पोराला मी अंगावर खेळवलं त्याचं लग्न मी चुन्याच्या खांबाकडे बघत लावलं. जेवणाच्या वेळी मी तिला बोलले, तर म्हणते कशी, खांबाच्या बाजूनं मान काढली असती तर दिसलं असतं. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. मंडळी तीच, उपासना तीच, प्रभुभोजन एकाच टेबलाचं, पण मान मात्र एकमेकींकडे वळली नाही. (ती माझ्या पुढच्याच बाकावर बसते, त्यामुळं तिच्या अंबाड्याची मला चांगली ओळख आहे.)

आता नव्या वर्षाची गोष्ट. पहिल्या उपासनेनंतर आपल्याकडे वचनांच्या चिठ्ठ्यांची टोपली फिरते ते तुला माहीतच आहे. जी हाती येईल ती वर्षभर पाळायची. तुझ्या भाऊजींना ‘सदा आनंदी राहा’ हे वचन आलं आणि त्यांनी त्याच दुपारपासून ते आरामखुर्चीत पाळायला घेतलं. मला काय यावं? शत्रू भुकेला असेल तर त्याला जेवू घाल! मी चिठ्ठी गुपचूप परत टोपलीत टाकू लागले, तर पाळकसाहेबांनी पाहिलं. म्हणाले, वच्छलाबाई, इथं वचन बदलून मिळत नाही, बदलायचं आपण. सगळी मंडळी हसली. पुढचा अंबाडाही हलला, म्हणजे तीही हसली.

घरी येऊन मी चिडचिडत बायबल उघडलं आणि ते वचन पुढं वाचलं. आणि काय सांगू मधू, जीव हरखला! पुढं लिहिलंय, असं केल्यानं तू त्याच्या डोक्यावर निखाऱ्यांची रास करशील. अरे, हे आधी कुणी सांगितलं का नाही? इतके दिवस मी नुसती अबोला धरून बसले आणि इथं देवानं स्वतः परवानगी देऊन ठेवली होती! मी पदर खोचला आणि त्याच आठवड्यात गोळाभात केला, वर हिंग-मोहरीचं तेल सढळ हातानं. आईचा पितळी डबा भरला, मागच्या गल्लीत गेले, बायजाबाईची कडी वाजवली, डबा पुढं केला आणि तोंड दुसरीकडे वळवून उभी राहिले. तिनं डबा घेतला. बोलली नाही. मीही नाही. परत येताना मी मनात म्हणाले, पडला पहिला निखारा.

दोन दिवसांनी डबा परत आला तो भरलेला. आत कोथिंबीर ठासून भरलेली सांबारवडी. रिकामं भांडं परत देत नाहीत, हे मलाही माहीत आहे, पण सांबारवडी अशी खुसखुशीत होती की माझा संशय बळावला. ही बाई माझ्याच डोक्यावर निखारे टाकून राहिली! मग मी पाटवडीचा रस्सा पाठवला. तिकडून लसणाची चटणी आणि भाकरी. मी पुरणपोळी केली, तिनं मटण. असं ईस्टर गेलं, उन्हाळा तापला, आणि डबा काही थांबेना. तुझे भाऊजी दोन्हीकडचं जेवत होते आणि वर जेवणाआधीच्या प्रार्थनेत, हे प्रभू, दोन्ही भगिनींना आपापल्या मतावर ठाम ठेव, असं मोठ्यानं म्हणत होते. पँटीचं कारण आता तुला कळलं असेल.

मी मात्र दर रविवारी निखाऱ्यांचा परिणाम बघत होते. मे महिन्याच्या शेवटी एका रविवारी बायजाबाई डोक्यावरचा पदर मागे सारून गीतांच्या पुस्तकानं सारखा वारा घेऊ लागली. मी तुझ्या भाऊजींना कोपर मारलं, बघा, लागले! ते म्हणाले, अगं, नवतप्याचे उन्हाचे नऊ दिवस चालू आहेत, अख्खं नागपूर वारा घेऊन राहिलं आहे. तेवढंही माझ्या ध्यानात नव्हतं. शेवटी मी पाळकसाहेबांनाच विचारलं की साहेब, साधारण किती दिवसांनी निखारे लागायला लागतात? ते चहा पीत होते. चहा नाकात गेला बिचाऱ्यांच्या. मग डोळे पुसून म्हणाले, बाई, ते जाळण्याचे निखारे नव्हेत. काही जुने लोक असं सांगतात की त्या देशात कुणाची चूल विझली की शेजारी भांड्यातून निखारे द्यायचे आणि ते डोक्यावरून घरी न्यायचे. मला ते मुळीच आवडलं नाही. इतका हिंग, इतकं तेल, इतका पुरणाचा घाट, आणि ते काय शत्रूची चूल पेटवायला?

त्याच रागात मी भर उन्हात बाजारात गेले आणि मला ऊन लागलं. आठवडाभर कांद्याचा रस आणि कैरीचं पन्हं. डबा बायजाबाईकडेच राहिला होता. तो नेहमी परत यायचा, पण या वेळी आला नाही. मी पडल्या पडल्या म्हणाले, बघा, आईचा डबा गिळला! आणि बरी होताच, डोकं अजून गरगरत असताना, मी तिच्याकडे भांडायलाच गेले. दार उघडंच होतं. आत शिरले तर बायजाबाई पाटावर बसून मुरमुरे खात होती. बाजूला एक कांदा. शेगडी घासूनपुसून कोपऱ्यात, आत राखेचा कणसुद्धा नाही. माझा डबा फळीवर, रिकामा.

मी सरळ विचारलं (दोन वर्षांतलं माझं पहिलं वाक्य), “विहीणबाई, शेगडी काहून नाही पेटवली?”

ती मुरमुरे गिळून म्हणाली, “एकटीसाठी काहून पेटवू वं बाई? तुह्या डब्यात घालाले पेटवत होती. तेवढ्यात माह्यंही व्हायचं. आता तू पन्ह्यावर पडली होती, तर भरून कोणासाठी आणू? तू उठायची वाट पाहून राहिली. रिकामा परत कसा आणू?”

मधू, मला काय झालं ते मलाच सांगता येत नाही. बाई माझ्याच पोळीवर आणि माझ्याच रागावर जगत होती, आणि मी मात्र तिच्या डोक्यातून धूर कधी निघतो ते बघत बसले होते. वचनात शत्रू भुकेला असेल तर असं म्हटलंय. ती खरोखरच भुकेली असेल हा विचार मला सहा महिन्यांत एकदाही शिवला नाही. मला रडू आलं आणि रडू आलं की मला राग येतो, हे तुला माहीत आहे. मी तशीच घरी धावले, माझ्या शेगडीतले रसरसलेले निखारे घमेल्यात काढले, खाली राखेचा जाड थर, चुंबळ केली आणि घमेलं डोक्यावर घेऊन भर गल्लीतून निघाले. समोरचे नत्थूजी दारात उभे होते ते म्हणाले, ताई, कुठं आग लागली? मी म्हटलं, लागायची आहे. तिच्या दारात पोहोचेपर्यंत चुंबळ तापली आणि डोक्याला चटके बसू लागले, तेव्हा मला दिसलं की निखारे शेवटी कुणाच्या डोक्यावर आलेत. (काड्यापेटी तिच्या घरात होती, कोळसाही होता, हे घमेलं खाली ठेवल्यावर सुचलं.)

शेगडी पेटली. आम्ही दोघींनी मिळून साधी खिचडी केली आणि एकाच ताटात जेवलो. मी विचारलं, त्या दिवशी माझ्या रस्स्यात मीठ दोनदा पडलं होतं, तरी तो संपला कसा? तर म्हणते, तिला या वर्षी वचन आलंय, तुमच्यापुढं जे वाढतील ते खा. इतकं हसलो आम्ही की तिचा अंबाडा सुटला. पुढून तिचा चेहरा मी दोन वर्षांनी पाहिला. फार थकली आहे रे.

असो. पत्र फार लांबलं. चारूला माझे अनेक आशीर्वाद. तिचे पाय रात्री कोमट पाण्यात ठेव. तू स्वतःचीही काळजी घे. प्रभू तुम्हां तिघांना राखो.

तुझी,
वच्छलाताई

ता. क. – बाळंतपणाचं लिहायचं राहूनच गेलं. चारूला थेट तिच्या आईकडे उतरव. मागचं पत्र फाडून टाक. अंघोळ, शेक सगळं बायजाबाई बघेल. डिंकाचे लाडू मी करीन, तर येताना पारशिवनीहून डिंक आणि घरचं तूप आण. माझ्याकडे आणलंस तरी लेकराला काही कमी पडणार नाही, पण तिकडे घरात माणूस असलं तर शेगडी पेटलेली राहील. तिनं हे माझ्याकडे मागितलेलं नाही. ती मागणारही नाही.

आणखी एक. – हे आत्ताच कळलं, म्हणून पुन्हा लेखणी उचलली. तुझ्या लग्नात पहिल्या बाकावरची स्वतःची जागाही तिनं जबलपूरच्या जावेला दिली होती आणि ती दुसऱ्या बाजूच्या खांबामागे उभी होती. मान काढून पाहिलं तरी दिसलं नव्हतं, म्हणते. म्हणजे आम्ही वाढवलेल्या दोन्ही लेकरांचं लग्न आम्हां दोघींनीही पाहिलं नाही. तेव्हा बाळाच्या बाप्तिस्म्याला पहिला बाक आमचा, हे पाळकसाहेबांना आजच लिहून टाक, आणि जबलपूरवाल्यांना दोन्ही खांब वाटून दे. बाळ कुणी धरायचं यावरून आमचं सकाळपासून पुन्हा बिनसलं आहे. ती म्हणते आजीनं, मी म्हणते आत्यानं. डबा मात्र मी नेऊन दिला आहे.